दमलाय, घाण नाही झाला

मित्रांनो, मी एक जुना डगला आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कपडा असून पाण्याला घाबरतो म्हणून आमच्याकडची एक फेल्टची टोपी मला रोज चिडवायची. तिचं पुढे काय झालं ते सांगतो, मग बघू कोण हसतं ते.

तर मी राजाचा डगला आहे. खऱ्या राजाचा नाही, नाटकातल्या. गडद निळी मखमल, कॉलरला आणि बाह्यांना सोनेरी पट्टी, गुडघ्याखाली उतरेल इतकी लांबी. थिएटरच्या मागच्या बाजूला जिन्याखाली कपड्यांची खोली आहे, तिथे मी राहतो. एका भिंतीला लांब दांडी आणि दांडीवर आम्ही सगळे ओळीने लटकलेले. वर एक उंच खिडकी. कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. आणि दारामागे ते. पांढरं, चौकोनी, पोटावर एकच गोल काचेचा डोळा. वॉशिंग मशीन. ते सुरू झालं की आमची दांडी थरथरायला लागते. लोक म्हणतात, मशीन जुनं झालंय म्हणून सगळी खोली हादरते. तसं काही नाहीये. ते आम्ही थरथरत असतो.

ही भीती माझ्यात शिवतानाच घातली गेली, अस्तर घालतात तशी. ज्या शिंपीकाकांनी मला शिवलं ते तोंडात टाचण्या धरून बोलायचे. एकदा त्यांनी मला टेबलावर पसरलं आणि आमच्या मावशीला म्हणाले, "मावशी, याच्या खांद्यांत कॅनव्हास आहे, छातीत कापूस आहे, कॉलर चिकटवलेली आहे. याला पाण्यात घातलंत तर खांदे वर येतील, मखमल चपटी होईल, पट्टी काळी पडेल. मग माझ्याकडे आणू नका. मी ओळखच दाखवणार नाही."

माझी एक बाही तेव्हा लागायची होती. म्हणजे बघा, पुरता जन्माला यायच्या आधीच आपण कशाने मरणार ते मला कळलं होतं.

आणि नशीब कसं, तर मला घालणारे राजे. त्यांचं खरं नाव कुणीच घेत नाही, मॅनेजरपासून दिवे लावणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना राजेच म्हणतात. माणूस लाख मोलाचा, पण घाम. अहो, काय घाम. पहिल्याच प्रयोगात ते तलवार घेऊन जिने चढले-उतरले, दरबारात ओरडले, शेवटी युद्धात पडले, आणि मी आतून चिंब. मला काढून हँगरवर अडकवलं तेव्हा मशीनचा डोळा माझ्याकडेच बघत होता. मी म्हटलं, संपलं. पहिलाच दिवस आणि शेवटचाही.

तेवढ्यात मावशी आली. कपड्यांचं सगळं तीच बघायची. गळ्यात टेप, कमरेला सुयांची उशी. तिने माझी बाही वर केली आणि चक्क माझ्या काखेत नाक खुपसलं. मला तर लाजच वाटली. ती दोन श्वास थांबली, मग म्हणाली, "हं. दमलाय, घाण नाही झाला."

मित्रांनो, हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

दमलेल्या कपड्याला पाणी लागत नाही, वारा लागतो. मावशीने माझ्या काखेतल्या सुती गाद्या काढल्या. त्या तिनेच शिवल्या होत्या, टिचबटणांनी लावायच्या आणि टचकन काढायच्या. धुवायच्या असतील तर त्या धुवायच्या, मला नाही. मग मला उलटा केला, अस्तर बाहेर, आणि खिडकीखाली रुंद हँगरवर टांगलं. ऊन लागणार नाही असं, कारण उन्हाने माझा निळा रंग उडाला असता. वाळल्यावर मऊ ब्रश वरून खाली, मखमलीची लव जशी निजते तसा. कॉलरला राजांच्या तोंडावरचा रंग लागला होता तेवढाच ओल्या फडक्याने टिपला. आणि शेवटी फवारा. बाटलीत पाणी आणि थोडं स्पिरिट. अस्तरावर बारीक धुकं उडवायची, आणि वास नाकाला जेमतेम लागला की थांबायची. मोजमाप नाही, काही नाही. नाक सांगेल तिथे थांबायचं.

राजे दारात उभे राहून म्हणायचे, "मावशी, एक फवारा इकडे पण मारा की. मीही दमलोय."

"तुम्ही दमलेले नाही राजे, तुम्ही धुवायलाच झालात," मावशी म्हणायची. "अंघोळीला जा आधी."

असं आमचं चाललेलं. दांडीवरचा कुठला कपडा वाऱ्याचा, कुठला फवाऱ्याचा आणि कुठला खरंच पाण्याचा, हे मावशीचं नाक ठरवायचं. राणीच्या झग्याला कुणाचं अत्तर लागलं, प्रधानाने दरबारात जायच्या आधी कच्चा कांदा खाल्ला, शिपायांपैकी कोण लपून सिगरेट ओढून आला, सगळं तिला कळायचं. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणायचे, "माझं थिएटर मावशींच्या नाकावर उभं आहे." मावशी वर बघायची नाही, पण त्या दिवशी माझ्या अंगावरचा ब्रश जरा जास्तच लाडाने फिरायचा.

मग थंडी आली आणि मावशी तापाने पडली.

बरेच दिवस ती आलीच नाही. आली तेव्हा डोक्याला स्कार्फ, गाल आत गेलेले. आल्या आल्या माझ्यापाशी आली, बाही वर केली आणि नाक आत घातलं. मी वाट बघत होतो त्या वाक्याची. ती थांबली. पुन्हा श्वास घेतला, मोठा. मग दुसरी बाही. मग शेजारच्या झग्याचा गळा. मग पुन्हा मी.

ते वाक्य आलंच नाही.

ती टेबलापाशी गेली, स्पिरिटची बाटली उघडली आणि नाकाखाली धरली. मित्रांनो, त्या वासाने तर आम्ही दांडीवरचे सगळे मागे सरकलो असतो, पाय असते तर. मावशीच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तिने साबण हुंगला. लवंगांची पुरचुंडी हुंगली. मग खाली बसली, टोपलीशेजारी, जमिनीवरच, आणि आमच्याकडे बघत हळू म्हणाली, "नाकच गेलं तर मी इथे कोण? खुंटी?"

हे फक्त आम्ही ऐकलं. आणि आम्हाला बोलता कुठे येतं?

तेवढ्यात राणी आली. राणी म्हणजे नाटकातली राणी, वयाने तशी लहानच, चालते ती पळतच. "मावशी, बरं वाटतंय ना? ही शाल बघ ना गं, वास येतोय का हिला?"

शाल माझ्या शेजारीच लटकायची. लोकरीची, पांढरी. तिला कसलाही वास नव्हता. मावशीने ती नाकाला लावली. पुन्हा लावली, उलटी करून. नाही म्हणावं आणि वास निघाला तर? राणी सगळ्यांसमोर म्हणेल, मावशीला कळलं नाही.

"येतोय," मावशी म्हणाली. "ठेव इथे, धुते."

आणि शाल मशीनमध्ये गेली. गोल काचेतून ती एकदा दिसली, फेसात, हात वर केल्यासारखी. मग दिसली नाही. बाहेर आली ती घट्ट, जाड, आणि इतकीशी, की बाहुलीला पुरली असती.

"लोकरच हलकी होती," मावशी राणीला म्हणाली. राणी ती घेऊन गेली. पण मावशीच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या.

त्या दिवसापासून जो येईल तो कपडा पाण्यात. मावशीला कळतच नव्हतं ना, कुणाला नुसता वारा हवा आणि कुणाला पाणी. आणि एकाही कपड्याला वास राहून गेला तर आपलं उघडं पडेल, ही धास्ती. म्हणून सगळेच धुवायचे. शिपायांच्या लाल कमरपट्ट्यांबरोबर प्रधानाचा पांढरा अंगरखा गेला आणि गुलाबी होऊन आला. प्रधान आरशासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, आता मी राणीची मैत्रीण वाटतोय." सगळे हसले. मावशीही हसली, पण ते हसू ओठांवरच अडकलं. मग ती टोपी गेली, मला चिडवणारी. परत आली तेव्हा कोबीच्या पानासारखी वळलेली, आणि त्यानंतर ती कुणालाच काही म्हणाली नाही.

दांडीवर माझ्या डाव्या बाजूचे सगळे होऊन गेले होते. आता रांगेत मीच पहिला.

तुम्ही कधी असं थांबलायत का, मित्रांनो? दर वेळी पावलं वाजली की वाटायचं, आपलाच नंबर. मावशी माझ्या गाद्या काढायची, ब्रश फिरवायची, आणि मग माझ्या कॉलरवर हात ठेवून तशीच उभी राहायची. राजे मला घालून तलवार फिरवायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, आज घाम नको, आज तरी नको. घाम यायचाच.

आणि एक दिवस तिने मला हँगरवरून काढलं. टोपलीत नाही टाकलं, हातावर घेतलं, झोपलेल्या मुलाला घेतात तसं. मशीनचं झाकण उघडं होतं. माझी उजवी बाही आत गेली. सोनेरी पट्टीला आतला पत्रा लागला, थंडगार, ओला. आत अजून कुणाच्या तरी रंगाचा वास होता. मी ओरडलो असतो, खरं सांगतो, माझ्या सगळ्या बटणांनी ओरडलो असतो.

मावशी थांबली. तिला शिंपीकाका आठवले असतील. तिने बाही हळूच बाहेर काढली आणि मला छातीशी धरलं. "नाही रे," ती म्हणाली. "तुला पाण्यात घालणं नाही जमणार मला."

वाचलो, असं मला वाटलं. पण भीतीची गंमत अशी की ती एका दारातून गेली की दुसऱ्या दारातून येते.

त्याच संध्याकाळी प्रयोग होता. मावशीने ठरवलं, पाणी नको तर फवारा भरपूर मारू, म्हणजे वासाचा प्रश्नच नको. तिने बाटली घेतली आणि मारत राहिली. पाठीवर, काखेत, छातीवर, पुन्हा पाठीवर. वास नाकाला लागला की थांबायचं, हे तिच्या हाताला माहीत होतं, पण नाकाला काही लागतच नव्हतं, मग हात थांबणार कसा? माझं अस्तर ठिबकायला लागलं. मग तिच्या लक्षात आलं, हा तर ओला झाला, आणि प्रयोगाला वेळ किती थोडा. बाहेर इतकी थंडी, की खिडकी उघडून उपयोग नाही.

म्हणून तिने हीटर आणला.

हीटर म्हणजे लोखंडी जाळी आणि आत दोन लालभडक तारा. नट-नट्या त्याच्यापुढे हात शेकायचे. मावशीने तो आजपर्यंत कधी माझ्या जवळपास येऊ दिला नव्हता. तिने मला खुर्चीच्या पाठीवर टांगलं, हीटर मागे ठेवला, बराच लांब ठेवला हं, ती काही वेडी नव्हती, आणि माझ्याकडे पाठ करून राणीच्या झग्याचं बटण लावायला बसली. पण मी जड झालेला, ओला. हळूहळू घसरलो. एक खांदा खुर्चीवरून सुटला आणि माझा खालचा काठ जाऊन जाळीवर टेकला.

आधी नुसतं गरम वाटलं. मग टोचल्यासारखं. मग माझ्या मखमलीची लव आखडायला लागली आणि वास सुटला. जळक्या कापडाचा, तिखट, घशात बसणारा. खोलीभर पसरला. आणि माझ्यापासून हाताच्या अंतरावर मावशी, दोरा दाताने तोडत, शांतपणे दुसरं बटण शोधत होती.

मी मनात ओरडत होतो, मावशी, मागे बघ. मावशी, एकदा बघ. माझ्या अंगात स्पिरिट आहे मावशी.

तिने दुसरं बटण लावायला घेतलं.

बाहेर पळत येणारी पावलं वाजली. "काय जळतंय?" राणीचा आवाज. दार धाडकन उघडलं. "मावशी, अगं ऊठ, डगला."

मावशी उठली, गर्रकन वळली, आणि तेव्हा तिला धूर दिसला. माझ्या काठावर एक बारीकशी निळी ज्योत उठली होती, इतकी हलकी की सुंदर वाटावी. राणीने मला ओढून जमिनीवर टाकलं, मशीनशेजारची बादली उचलली आणि सगळं पाणी माझ्यावर ओतलं.

पाणी, मित्रांनो. जन्मभर ज्याच्या नावाने मी थरथरलो, ते पाणी. ते माझ्या जळत्या काठावर पडलं, चर्र झालं, आणि मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

राणीने हीटरचं बटण बंद केलं आणि तिथेच टोपलीवर बसली. "मावशी, तू इथे होतीस. इतका वास. तुला आला नाही?"

मावशी भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, ती पुन्हा काहीतरी सांगेल, सर्दी झाली वगैरे. पण तिची नजर माझ्या काळ्या काठावर होती. "मला कशाचाच वास येत नाही गं," ती म्हणाली. "तापानंतर गेला तो गेलाच."

"आणि माझी शाल?"

"तुझ्या शालीला वास नसणारच. मला भीती वाटली."

राणीने मावशीला हाताला धरून टोपलीवर बसवलं, शेजारी स्वतः सरकून. तेवढ्यात राजे आले, अर्ध्या तोंडाला रंग लावलेला, आणि दारातच थांबले. राणीने त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. राजांनी मला उचललं आणि ठिबकणारा काठ पिळला.

"मावशी," ते म्हणाले, "आमची नाकं काय नुसती चष्मा अडकवायला आहेत? आम्हाला विचारायचं ना."

"विचारलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना."

"कळलं तर काय?"

मावशी उठली, पदर खोचला आणि मॅनेजरच्या खोलीकडे निघाली. मला राजांच्या हातावर घेऊनच सगळी वरात मागोमाग. तिने मॅनेजरना सगळं सांगितलं. शाल, अंगरखा, टोपी, मी. मॅनेजर टेबलावर बोटं वाजवत ऐकत होते, आणि ती बोटं थांबली तेव्हा मला मशीनच्या पत्र्यापेक्षा थंड वाटलं. मावशी गेली तर मला कोण बघणार?

"डगला आज स्टेजवर जाणार का?" त्यांनी विचारलं.

मावशीने माझा काठ हातात घेतला, अंगठ्याने चाचपला. "जाणार."

"मग उभ्या काय राहिलात?"

अशी धावपळ मी कधी बघितली नाही. मावशीने जळकी पट्टी कापून टाकली, काठ आत मुडपला, राणीने सुईत दोरे ओवून दिले, राजे फडक्याने माझं पाणी टिपत बसले, आणि जुन्या पडद्याची सोनेरी पट्टी माझ्या काठाला लागली. त्या दिवशी राजा गुडघ्याच्या वर डगला घालून लढला. प्रेक्षकांना वाटलं असेल, नवी फॅशन.

आता आमच्याकडे नवी पद्धत आहे. प्रयोग संपला की कपडा काढायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आपला वास आपल्याला कळत नाही, म्हणून राजांचा राणीने हुंगायचा, राणीचा प्रधानाने, प्रधानाचा राजांनी. राजे म्हणतात, प्रधानाच्या कांद्यापेक्षा युद्धात मेलेलं बरं. मग मावशी ठरवते, कुणाला वारा, कुणाला फवारा, कुणाला पाणी. ओल अजून शिल्लक आहे का, ते ती गालाला लावून बघते. बाटलीवर एक रेघ मारलीय, तिच्यापलीकडे फवारा नाही. हीटर आमच्या खोलीत येत नाही.

तुम्हालाही एवढंच सांगतो, मित्रांनो. कपडा काढला की घाईने मशीनमध्ये कोंबू नका. आधी हुंगून बघा. दमला असेल तर टांगा, वारा द्या, झटका, डाग पडला असेल तर तेवढाच टिपा. आम्हाला पाण्याने नाही, उगाचच्या पाण्याने मारता तुम्ही. आणि तुमच्या घरातलं कुणी अचानक सगळंच धुवायला लागलं, सगळंच घासायला लागलं आणि बोलेनासं झालं, तर जरा त्याच्याजवळ बसा. काय झालं ते विचारा. जळका वास यायच्या आधी विचारा.

मावशीचं नाक परत आलेलं नाही. येईल की नाही, कुणाला माहीत नाही. पण कालच्या प्रयोगानंतरही राणीने मला हँगरवर टांगलं, बाही वर केली, नाक आत घातलं.

"काय म्हणतोय?" मावशीने विचारलं.

"दमलाय," राणी म्हणाली. "घाण नाही झाला."

"मग टांग खिडकीखाली."

राणी गेल्यावर मावशी माझ्यापाशी आली. इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच माझ्या काखेत नाक घातलं. मोठा श्वास घेतला आणि थांबली.

रोज थांबते. आणि रोज मी तिच्याबरोबर थांबतो, एकही धागा न हलवता.